बंधाऱ्याची प्रतवारी कोण करणार?



कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर उभे राहिलो की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. ग्रेडर येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस बाहेर काढून धागा ताणून पाहतो, ओलावा मोजायचे यंत्र खुपसतो. आठ टक्क्यांच्या वर किती, बाराच्या आत आहे की नाही, कवडी किती, कचरा किती. एका टक्क्यावरून भाव उतरतो, दोन टक्क्यांवरून गाडी परत जाते. ज्वारीचेही तेच. पावसात सापडून दाणा काळा पडला की ती माणसाची ज्वारी राहत नाही, ढोरांची होते. आपल्या घामाच्या प्रत्येक मालाची प्रत ठरवायला माणूस आहे, यंत्र आहे, नियम आहे आणि त्या नियमाखाली आपल्याला नाडायची सोयही आहे.

आता मला एक सांगा. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर जो मातीचा बांध उभा आहे, त्याची प्रत काय? तो पाझर तलाव असेल, गावतळे असेल, लघुपाटबंधाऱ्याचे धरण असेल. त्याची उंची किती, पोटात पाणी किती, सांडवा किती रुंद, मालक कोण, शेवटची तपासणी कधी झाली आणि तो फुटला तर पाणी पहिल्यांदा कोणाच्या उंबरठ्यावर येईल? दहा गावच्या बैठकांत मी हा प्रश्न विचारला. तलावात यंदा किती फूट पाणी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. बाकीचे एकालाही सांगता येत नाही. यात आपला दोष थोडा आहे, सरकारचा मोठा आहे. या लेखात दोन्ही सांगणार आहे.

पोत्यांचा हिशेब

मी शेतकी पदवीधर. मृद व जलसंधारणाच्या पेपरात मातीच्या धरणाचा काटछेद काढून मार्क मिळवलेला माणूस. पण सांडवा म्हणजे काय, हे मला खरे कळले ते साक्री तालुक्यातल्या एका गावात, संघटनेच्या बैठकीला गेलो तेव्हा. गावाचे नाव लिहीत नाही, कारण असे गाव एकच नाही. बैठक कापसाच्या भावाची होती. ती संपल्यावर दोन-चार पोरे म्हणाली, साहेब, तलाव यंदा तुडुंब भरला आहे, पाहून घ्या. हौसेने दाखवायला नेले.

तलाव १९७२ च्या दुष्काळातला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सुकडी खाऊन, डोक्यावर पाट्या वाहून बांधलेला. पाणी खरेच छान होते. सांडव्यावर पाहतो तो वाळूने भरलेल्या पोत्यांची रांगच्या रांग, चांगली अर्धा मीटर उंच. पोरांनी अभिमानाने सांगितले, वाहून जाणारे पाणी आम्ही अडवले. भरावाच्या खालच्या अंगाला उतरलो. पायथ्याशी एके ठिकाणी भर उन्हात जमीन ओली होती, लव्हाळा माजला होता. भरावाच्या उतारावर वेड्या बाभळीचे रान. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, नाल्याच्या दोन्ही काठांना, तीसेक घरांची भिल्लांची वस्ती. निम्मी कुडाची, निम्मी घरकुलाची.

मी म्हणालो, हे बरे नाही. तेव्हा एक आजोबा म्हणाले, "आप्पा, या बंधाराले काही होत नही. मना बापनी बांधेल शे." बापाने बांधलेल्या बांधावर मुलाचा विश्वास असणारच. त्याची मी चेष्टा करणार नाही. पण त्या रात्री मुक्कामाला होतो तिथे मी मोर्चाच्या पत्रकाच्या पाठीवर एक गणित मांडले. ते तुमच्यापुढे ठेवतो. कच्चे आहे, अभियंता याहून बारीक करील, पण दिशा चुकणार नाही.

तलावात पाणी आणणारे शिवार पाच चौरस किलोमीटर. सांडव्याची रुंदी वीस मीटर. सांडव्याच्या उंबरठ्यापासून भरावाचा माथा अडीच मीटर वर. त्यातला अर्धा मीटर लाटांसाठी राखून ठेवायचा, म्हणजे पुराला वाट उरली दोन मीटर खोलीची. वीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल धारेतून सेकंदाला साधारण ९६ घनमीटर पाणी बाहेर जाते. आता समजा, रान आधीच भिजलेले आहे आणि त्यावर तासाभरात १०० मिलीमीटर पाऊस कोसळला. हवामान खाते यालाच ढगफुटी म्हणते. त्यातले सत्तर टक्के पाणी जरी वाहून आले, तरी सेकंदाला जवळपास ९७ घनमीटर होते. तलाव स्वतः थोडा झेल घेतो, म्हणून सांडवा कसाबसा पुरेल.

आता पोती ठेवा. दोन मीटरची वाट दीड मीटरची झाली. तुम्ही म्हणाल, पाव हिस्सा कमी झाला. तसे होत नाही. पाण्याची खोली कमी झाली की त्याचा वेगही कमी होतो. ९६ चे ६२ होतात. अर्धा मीटर पोत्यांनी सांडव्याची तिसऱ्या भागाहून जास्त ताकद खाल्ली. उरलेले पाणी कुठे जाईल? भरावावरून. आणि मातीच्या भरावावरून पाणी जाऊ लागले की तो भराव राहत नाही. दगडाच्या धरणावरून पाणी गेले तर ते बहुधा टिकते. मातीचे धरण मातीसारखेच वागते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तलावाचे बूड वीस हेक्टरचे. अर्धा मीटर जास्त पाणी म्हणजे एक लाख घनमीटर. त्यातले निम्मे उडाले-मुरले असे धरा. उरलेले विहिरींना आले तर ऐंशी हेक्टर कापसाला बोंडे भरायच्या वेळी एक पाणी मिळते. कोरडवाहू माणसाला ते एक पाणी म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. एकरी दोन क्विंटल आणि चार क्विंटल यातला फरक त्या एका पाण्याचा असतो. म्हणून पोती ठेवणाऱ्या पोरांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन की ऐंशी हेक्टरचे पाणी ज्यांना मिळते ते वेगळे, आणि ज्यांच्या डोक्यावर ती पोती आहेत ते वेगळे. त्या वस्तीतल्या एकाचीही तलावाखाली गुंठाभर जमीन नाही.

माती कशी फुटते

आपण काळ्या मातीची माणसे आहोत. वैशाखात काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्या पावसात त्या पाणी गटागटा पितात, हे कोणत्याही पुस्तकाशिवाय आपल्याला ठाऊक आहे. धरणाचा गाभा याच मातीचा असतो, कारण ती ओली असताना पाणी धरून ठेवते. बाहेरून मुरमाचे आवरण, पाण्याच्या बाजूला दगडाचे पिचिंग, पायथ्याशी झिरपलेले पाणी सुखरूप बाहेर काढायला दगडांची वाट. ही रचना उत्तम आहे. पण आपले तलाव फेब्रुवारी-मार्चलाच कोरडे पडतात. आवरण झिजलेले असेल, लोकांनी घरासाठी मुरूम उकरून नेला असेल, तर गाभा उघडा पडून वरच्या भागाला भेगा जातात. मग आषाढात एका रात्रीत तलाव भरला की पाणी पहिल्यांदा त्या भेगांत शिरते. भेग भरून यायला वेळ मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर त्याच वाटेने पाणी आतली माती घेऊन बाहेर येऊ लागते. बोटाएवढी वाट हाताएवढी होते, हाताएवढी मोरीएवढी होते, आणि नंतर मोजायला कोणी थांबत नाही.

त्यात वेड्या बाभळीची मुळे, घुशी, साळिंदरांची बिळे यांची भर. आणि एक गोष्ट दुष्काळी कामांची. भराव थरावर थर देऊन, प्रत्येक थरावर पाणी शिंपून, रोलर फिरवून दाबायचा असतो. प्यायला पाणी नव्हते त्या वर्षी भरावावर शिंपायला पाणी कुठून आणले असेल, हा प्रश्न कोणीही विचारावा. हाताला काम मिळाले, माणसे जगली, ही त्या बांधांची मोठी पुण्याई. पण पुण्याई म्हणजे मजबुती नव्हे.

फुटली आहेत, आपल्याच राज्यात

कोणी म्हणेल, हा माणूस उगाच भीती घालतो. तर ऐका.

१२ जुलै १९६१. पुण्याच्या वरचे पानशेत. मातीचे धरण, बांधकाम पुरे व्हायच्या आधीच त्यात पाणी अडवले गेले. धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासला फोडले आणि भर दिवसा पुणे बुडाले.

११ ऑगस्ट १९७९. गुजरातेत मोरबीच्या वरचे मच्छू धरण. सांडव्याला पेलेल त्याच्यापेक्षा फार मोठा पूर आला, दोन्ही अंगांच्या मातीच्या भरावांवरून पाणी गेले, शहर गेले, हजारो माणसे गेली. त्यानंतर आपल्या राज्यात शहाणपण आले आणि १९८० मध्ये नाशिकला धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली.

ही मोठी धरणे झाली. आता लहानाचे बघा. २ जुलै २०१९ ची रात्र, चिपळूण तालुक्यातले तिवरे. लघुपाटबंधाऱ्याचे मातीचे धरण, साठा जेमतेम अडीच दशलक्ष घनमीटर, बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, डागडुजीचा देखावाही झाला होता. रात्री धरण फुटले आणि खालची भेंदवाडी झोपायच्या वेळी वाहून गेली. वीसच्या वर माणसे गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. खेकडे बीळ करतात, हे खरे. पण बीळ पडले की नाही हे पाहायला माणूस नेमणे खेकड्याचे काम नाही.

याच्या उलट एक उदाहरण. शिरपूरवरून आग्रा रोडने सातपुडा आणि पुढे खलघाटचा नर्मदेचा पूल ओलांडला की धार जिल्हा लागतो. तिथे कारम नदीवर मातीचे धरण बांधणे चालू होते. ऑगस्ट २०२२ मध्ये भरावातून पाणी झिरपायला लागले, माती ढासळू लागली. खालची अठरा गावे रिकामी केली, सैन्य आणले, बाजूने चर खोदून पाणी काढून दिले. धरण गेले, शेते गेली, पैसा गेला, पण माणूस गेला नाही. तिवरे आणि कारम यांत फरक एवढाच की एका ठिकाणी वेळेवर कोणीतरी पाहिले आणि खालच्यांना उठवले.

आणि आपल्याकडे पाऊस कुठे एवढा पडतो, असे म्हणणाऱ्यांनी ३१ ऑगस्ट २०२१ ची चाळीसगावची पहाट आठवावी. तितूर आणि डोंगरी नदीचे पाणी रातोरात शहरात आणि गावांत शिरले, गुरे खुंट्यालाच मेली, कन्नड घाट कोसळून बंद पडला. वर्षाची सरासरी पाचशे-सहाशे मिलीमीटरची असली म्हणून तो पाऊस हप्त्याने येईल, असा करार कोणी केलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. आपले सांडवे त्या आधीच्या पावसावर बेतलेले आहेत.

कायदा काय पाहतो

आता सरकारी प्रतवारीकडे या. ती दोन तऱ्हेची असते आणि दोहोंची गल्लत करू नका.

पहिली, धरणाच्या तब्येतीची. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करून दोषांप्रमाणे तीन वर्ग लावतात. धरण फुटू शकेल इतके गंभीर दोष असतील तर पहिला वर्ग, ताबडतोब दुरुस्त करण्याजोगे दोष असतील तर दुसरा, किरकोळ किंवा काहीच नसतील तर तिसरा. शाळेसारखे समजू नका. इथे पहिला नंबर सगळ्यात वाईट.

दुसरी, धोक्याची. धरण कितीही मजबूत असो, ते फुटलेच तर खाली काय जाईल, यावर हा वर्ग ठरतो. जास्त धोक्याचे धरण म्हणजे खराब धरण नव्हे. ज्याच्या खाली माणसे आहेत ते धरण जास्त धोक्याचे. केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये यासाठी चार वर्गांची पद्धत सुचवली. ३० डिसेंबर २०२१ पासून देशात धरण सुरक्षा कायदा लागू आहे आणि त्यात असे वर्गीकरण करणे राज्याच्या धरण सुरक्षितता संघटनेवर बंधनकारक आहे. मालकावर तपासणीची, दुरुस्तीच्या पैशाची आणि आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी आहे. कसूर झाली तर तुरुंगाचीही तरतूद आहे.

कायदा चांगला आहे. पण तो कोणत्या धरणाला लागू? पंधरा मीटरपेक्षा उंच असेल तर लागू. दहा ते पंधरा मीटरच्या मधले असेल तर लांबी किमान पाचशे मीटर, किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर, किंवा पूर सेकंदाला किमान दोन हजार घनमीटर, किंवा पायाची-रचनेची काही खास अडचण, यातले एखादे असेल तर लागू. दहा मीटरच्या आत असेल तर तो बांध या कायद्याच्या हिशेबी धरणच नाही.

देशातली सर्वात जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात, दोन हजार तीनशेच्या वर. त्यांच्या याद्या आहेत, नंबर आहेत. याद्यांच्या बाहेर जे हजारो पाझर तलाव, गावतळी, लहान बंधारे आहेत, ते कोणाचे? काही जिल्हा परिषदेचे, काही जलसंधारणाचे, काही जलसंपदेचे, आणि पुष्कळसे, विचारायला गेलात तर, कोणाचेच नाहीत. नाल्याला पाणी आले की फोटो काढायला तिघेही येतात. भरावाला भगदाड पडले की तिघेही एकमेकांचे नाव सांगतात.

साडेनऊ मीटर उंच आणि नऊ लाख घनमीटर पोटाचा बांध कायद्याच्या बाहेर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. नऊ लाख टन. एका बैलगाडीत अर्धा टन धरा, तर अठरा लाख गाड्या भरून वजन एका वस्तीच्या डोक्यावर टांगलेले, आणि सरकारदरबारी ते लहान! आपल्या मालाचा ओलावा अर्ध्या टक्क्यापर्यंत मोजणाऱ्यांना हे वजन दिसत नाही.

सांडव्याच्या मापाचेही असेच. १९८५ च्या भारतीय मानकाप्रमाणे लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरला की झाले. मध्यम आणि मोठ्याला याहून कडक माप. त्याच मानकात म्हटले आहे की खाली धोका विशेष असेल तर लहान धरणालाही मोठा पूर धरावा. प्रश्न असा की खाली धोका आहे हे पाहणार कोण? बांध बांधला तेव्हा खाली पडीत होते, म्हणून शंभर वर्षांचा पूर धरला. आज तिथे वस्ती आहे. पडिताचे माप वस्तीला लागू आहे.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत सरकारने १९४० च्या दशकापासून पूर अडवायला ओढ्या-नाल्यांवर अकरा हजारांहून जास्त लहान धरणे बांधून दिली, बहुतेक मातीची. बांधताना खाली शेते होती, म्हणून कमी धोक्याच्या वर्गात टाकली. धरणाने दरवर्षीचे लहान पूर अडवले, लोकांना वाटले आता भीती गेली, आणि त्यांनी खाली घरे बांधली. तीच धरणे मग एकेक करून सर्वात वरच्या धोक्याच्या वर्गात न्यावी लागली आणि सांडवे नव्याने रुंद करावे लागले. धरणाच्या मातीत काहीही बदलले नव्हते. खालची माणसे बदलली होती. फरक एवढाच की तिथे वर्ग बदलायची सोय होती. आपल्याकडे ज्या बांधाला वर्गच नाही, त्याचा वर्ग बदलणार कसा?

आणि आपल्याकडे खाली कोण राहायला जाते, हेही बघा. ज्याच्याकडे काळी जमीन आहे तो नाल्यात घर बांधत नाही. भूमिहीन, आदिवासी, ऊसतोडीवरून परत आलेले, त्यांना गावठाणात जागा नसते. मग सरकारी पडीत शोधले जाते आणि ते नेमके तलावाखाली, नाल्याच्या कडेला सापडते. एक हात घरकुल मंजूर करतो, दुसरा हात वरचा भराव विसरतो.

"आमचा तलाव फोडायला निघालात का?"

हा प्रश्न मला त्याच गावात विचारला गेला आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याला भीती वाटते की धोक्याचा शिक्का बसला की साहेब येतील, सांडवा फोडतील, तलाव रिकामा ठेवतील आणि दुरुस्तीचा पैसा दहा वर्षे येणार नाही. सरकारचा अनुभव पाहता ही भीती खोटी म्हणवत नाही. म्हणूनच संघटनेने मागणी अशी मांडली पाहिजे की वर्ग आणि दुरुस्तीचा पैसा एकाच कागदावर यावा. ज्या हंगामात सुरक्षेसाठी पाणी खाली ठेवावे लागेल, त्या हंगामाच्या नुकसानीची भरपाई लाभधारकांना मिळावी. धोका कळूनही पाणी तुडुंब ठेवायचे नाही, आणि धोका दाखवून पाणी कायमचे हिरावायचेही नाही.

शिवाय जास्त पाणी हवेच असेल तर पोत्यांशिवाय वाट आहे. वरच्याच गणितात बघा. उंबरठा अर्धा मीटर पक्का उचलायचा असेल तर सांडव्याची रुंदी वीसवरून एकतीस मीटर करावी. पूर जाण्याची ताकद तेवढीच राहते, पाण्याची सर्वात वरची रेषा तीच राहते, आणि लाख घनमीटर पाणी पदरात पडते. अर्थात भराव ते पाणी सोसेल की नाही, हे अभियंत्याने तपासून लिहून दिल्यावर. दुसरी वाट गाळाची. उन्हाळ्यात गाळ काढा, हलक्या बरड रानात टाका, ज्वारी दुवा देईल. फक्त भरावाच्या जवळ खोदू नका, तिथला गाळ तळाची गळती बुजवून बसलेला असतो. पोती ठेवणे सोपे आहे, कारण त्याला कोणाची सही लागत नाही. पण त्याचे बिल खालच्या वस्तीच्या नावाने निघते.

आपल्या वाडवडिलांना हे कळत होते. पांझरा, मोसम, आरम नद्यांवरच्या फडांचे बंधारे शेकडो वर्षे लोकांनी चालवले. पाटकरी गावाने नेमलेला, त्याचे धान्य गावाने दिलेले. हंगामाआधी पाट साफ करायला प्रत्येक फडकऱ्याने यायचे म्हणजे यायचे. ज्याचे पाणी त्याची राखण, हा नियम होता. सरकारने तलाव बांधून दिले तेव्हा पाणी आपले झाले आणि राखण सरकारची. सरकारने ती केली नाही आणि आपण ती विसरलो.

काय मागायचे, काय करायचे

येत्या जिल्हा मेळाव्यापुढे जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच ठराव यावा, असे मी सुचवतो. त्यात चार मागण्या असाव्यात.

एक, प्रत्येक मातीच्या बांधावर पाटी लावावी. बांधल्याचे साल, उंची, लांबी, साठा, सांडव्याची रुंदी, मालक खाते आणि जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा मराठीत लिहावा. दोन, उंची कितीही असो, ज्या बांधाखाली पुराच्या वाटेत राहते घर आहे त्याचा धोक्याचा वर्ग ठरवावा, दर पाच वर्षांनी आणि खाली नवी वस्ती झाली की तो नव्याने पाहावा. तीन, पुराच्या वाटेत नवे घरकुल देऊ नये. जुन्या वस्तीला तिच्या संमतीने गावठाणाजवळ जागा द्यावी, आणि ती मिळेपर्यंत वरचा बांध वरच्या वर्गाच्या मापाने मजबूत करावा. चार, मालकी ज्याची ठरत नाही त्या बांधाचा मालक जिल्हाधिकाऱ्यांनी तीन महिन्यांत ठरवून द्यावा.

सरकारने हे करेपर्यंत आपण हात बांधून बसायचे नाही. अक्षय तृतीया झाली की गावातली पाच माणसे आणि त्यात खालच्या वस्तीतली किमान दोन, अशांनी भरावावरून एक फेरी मारावी. माथा कुठे खचला आहे का, आडवी भेग आहे का, बिळे आहेत का, पिचिंगचे दगड कोणी नेले का, हे पाहावे. सांडव्यात पोती, झुडपे, अतिक्रमण काही असेल तर त्याच दिवशी काढावे. बाभळी लहान आहेत तोवर उपटाव्यात. मोठे झाड तोडून मूळ आत कुजू देणे जास्त वाईट, ते अभियंत्याला विचारून काढावे.

पाऊस लागला आणि तलाव भरू लागला की पायथा रोज पाहावा. झिरपणारे पाणी काचेच्या पेल्यात घ्या. निवळ असेल तर नोंद ठेवा, किती येते ते बादलीने मोजा. गढूळ असेल तर भरावाची माती बाहेर येते आहे, मग सकाळची वाट पाहायची नाही. तहसील कार्यालयाला फोन करा, पण आधी खालच्या वस्तीत जाऊन दारे वाजवा. फोन लागो न लागो, वस्ती उठली पाहिजे. कोणी दार वाजवायचे, म्हाताऱ्यांना-लेकरांना कोणत्या उंचवट्यावर न्यायचे, गुरांचे दावे कोणी सोडायचे, हे आजच ठरवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा.

त्या साक्रीच्या गावात त्या रात्री आणखी एक बैठक झाली, या वेळी वस्तीतल्या माणसांसह. पुष्कळ वाद झाला. ऐंशी हेक्टरचे पाणी सोडायला कोणाचा हात धजत नव्हता. शेवटी वस्तीतली एक बाई एवढेच म्हणाली की पोती ठेवा, पण मग पावसाळ्यात रात्री झोपायला तुम्ही आमच्या घरी या आणि आम्ही तुमच्या. कोणी बोलले नाही. सकाळी पोरांनी स्वतः पोती काढली. आदल्या दिवशी ती हौसेने दाखवणारी तीच पोरे होती.

सांडवा रुंद करण्याचा अर्ज त्या गावाने दिला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. त्या अर्जाखाली दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावाचा अर्ज लागला पाहिजे. मेळाव्याला येताना आपल्या बांधाची उंची, सांडव्याची रुंदी आणि खालच्या घरांची संख्या कागदावर लिहून आणा. दोरी आणि मोजपट्टी एवढेच लागते.